कुत्रीला घेऊन कॅरिबियन बेटांवर शिडाच्या बोटीने? जा, पण ग्रेनेडापर्यंत नको

प्रश्न थोडक्यात असा. फ्रान्समध्ये तुलूझला राहणारं एक मराठी जोडपं, पुण्याहून येणारे दोन मित्र आणि बर्फी नावाची सहा वर्षांची, 14 किलोची कुत्री. मार्तिनिकमधल्या ल मारँ बंदरातून 12 मीटरची शिडाची बोट भाड्याने घ्यायची, डिसेंबरच्या मध्याला निघायचं आणि सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, टोबॅगो केज (छोट्या बेटांचा समुद्री पार्क) करत सहा आठवड्यांत ग्रेनेडा गाठून परत यायचं. चौघांपैकी एकालाच शिडाचा बऱ्यापैकी अनुभव. "बर्फीला बोटीची सवय होईल का, एवढंच सांगा," असं शेवटी लिहिलंय.

सवय होईल, त्याची काळजी करू नका. पण ग्रेनेडापर्यंत जाऊ नका आणि डिसेंबरात निघू नका. का ते सांगतो. मी मूळचा देवगडचा. अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं आणि नंतर 14 हिवाळे याच बेटांमध्ये, स्वतःच्या 11 मीटरच्या जुन्या बोटीवर. त्यातले नऊ हिवाळे माझा कुत्रा मोती बरोबर होता.

मार्तिनिकच्या दक्षिण किनाऱ्यावरून सेंट लुशिया चक्क दिसतं, रात्री दिवेही दिसतात. मधला पट्टा साधारण 20 ते 25 सागरी मैलांचा. शेजारच्या वाडीत जाऊन यावं तसं वाटतं. माणसांसाठी ते जवळपास तसंच आहे. पिवळा झेंडा (कागदपत्रं अजून व्हायची आहेत ही खूण) चढवायचा, कॅप्टनने एकट्याने उतरून कस्टम्स आणि इमिग्रेशन करायचं, मग त्या देशाचा छोटा झेंडा डोलकाठीच्या उजव्या बाजूला लावायचा. कुत्र्याचं तसं नसतं. वाटेतला प्रत्येक देश वेगळा आणि प्रत्येकाचा पशुवैद्यकीय कायदा वेगळा. कुठे आधी परवाना काढायचा, कुठे रक्ततपासणी, कुठे गोचीड-जंताच्या औषधाचा ठरावीक दिवसांतला दाखला. परवाना नसेल तर सरळ नियम: कुत्रं बोटीवर राहील, पाय जमिनीला लावायचा नाही. बार्बाडोस आणि त्रिनिदाद तर याबाबतीत फारच कडक, तिकडचा विचारही नको.

हे नियम मनावर न घेणारा मीही होतो. दुसऱ्याच वर्षी एका बेटावर (नाव लिहीत नाही) अधिकाऱ्याने खलाशांच्या यादीवरून नजर वर करून विचारलं, "प्राणी?" मी हो म्हटलं. "बोटीवरच ठेवा." मी मान डोलावली आणि रात्री साडेनऊला अंधार बघून मोतीला डिंगीतून (बोटीबरोबरच्या छोट्या होडीतून) पुळणीवर नेलं. दहा मिनिटं. सकाळी सात वाजता कस्टम्सची होडी बाजूला उभी. दंड झाला नाही, दुपारच्या आत नांगर उचलायला सांगितलं, एवढ्यावर भागलं. पण चूक माझी होती, आणि तो अधिकारी सौम्य निघाला म्हणून कुत्रा माझ्याकडे राहिला. ताब्यात घ्यायचा अधिकार त्याला होता.

म्हणून तुमचा मार्ग वारा पाहून नव्हे, बर्फीच्या कागदांवरून ठरवा. तिच्याकडे युरोपियन पेट पासपोर्ट, चिप आणि रेबीजची चालू लस असेल तर तुलूझहून मार्तिनिकला येणं म्हणजे तिच्यासाठी फ्रान्समधून फ्रान्समध्येच येणं. ग्वादलूपचंही तसंच, आणि ले सेंत, मारी-गालांत ही बेटं ग्वादलूपमध्येच मोडतात. फक्त 14 किलोची आहे म्हणजे विमानात तुमच्या पायाशी बसणार नाही, खालच्या कप्प्यातून यावं लागेल. तिकीट काढण्याआधी पिंजऱ्याची मापं विचारून घ्या.

आता परतीची मेख, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. बाहेरच्या देशातून युरोपच्या कायद्याखाली परत शिरताना तो देश त्यांच्या यादीत आहे का हे पाहतात. सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट यादीत आहेत. ग्रेनेडा आणि डॉमिनिका (मार्तिनिक आणि ग्वादलूपच्या मधलं बेट) नाहीत. ग्रेनेडात मुंगसांमध्ये रेबीज आहे. अशा देशाचं पाणी लागलं की रेबीजच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी लागते, ज्याला सगळे टिटर म्हणतात. लस दिल्यावर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं आणि आकडा 0.5 किंवा वर यायला हवा. ही तपासणी बाहेर गेल्यावर केलीत तर पुढे तीन महिने थांबायचं. तीच निघण्याआधी तुलूझला करून पासपोर्टमध्ये नोंदवलीत तर ते तीन महिने लागत नाहीत. आणि लसीचा बूस्टर एकदाही चुकवला नाही तर तपासणी पुन्हा करावी लागत नाही. ग्रेनेडाला जाणार नसलात तरी करून घ्या. बोट बिघडली, हवा बिघडली, डॉमिनिकात शिरावं लागलं, तर तो एक कागद तुमची झोप वाचवेल.

माणसांच्या कागदांत एकच गोष्ट सांगतो, कारण पुण्याचे मित्र हमखास इथे अडकतात. मार्तिनिक आणि ग्वादलूप फ्रान्सचे असले तरी शेंगेनमध्ये नाहीत. तुमच्याकडे फ्रेंच निवासपरवाना आहे, तुमचं भागेल. मित्रांच्या साध्या शेंगेन व्हिसावर भागणार नाही, समुद्रापारच्या त्या फ्रेंच प्रदेशांसाठीचा व्हिसा मागावा लागेल. मधे डॉमिनिकात उतरणार असाल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा.

तर माझा मार्ग असा. ल मारँहून बाहेर पडून सेंत-आनला नांगर टाका आणि तिथेच तीन-चार दिवस काढा. वाळूचा तळ, तीन ते पाच मीटर पाणी, नांगर असा रुततो की शिकण्यासाठी यापेक्षा बरी जागा नाही. मग पश्चिम किनाऱ्याने आंस दार्ले, तिथून सें-पिएर. तिथून उत्तरेला ले सेंत, मारी-गालांत, ग्वादलूपचा पश्चिम किनारा, आणि त्याच वाटेने परत. बेटं कमी, पण प्रत्येक ठिकाणी बर्फीला जमिनीवर उतरता येईल. टोबॅगो केज पाहायचंच असेल (कासवं बघायची असतात, समजतं मला), तर दोघांनी सेंत-आनला आठवड्यासाठी खोली घ्या, बर्फी त्यांच्याकडे, आणि बाकीच्यांनी एखादा अनुभवी कॅप्टन घेऊन दक्षिणेला जाऊन या. कासवांच्या पार्कात कुत्रा घेऊन जाण्यात तसंही काही अर्थ नाही. आणि तिकडे गेलात तर जवळच्या युनियन आयलंड आणि कारियाकू या बेटांवर 1 जुलै 2024 ला बेरिल चक्रीवादळाने काय केलंय हे लक्षात ठेवून जा. चार पैसे तिथल्या दुकानातच खर्च करा.

डिसेंबर का नको? चक्रीवादळांचा काळ जून ते नोव्हेंबर, तो संपला की समुद्र मोकळा झाला असं वाटतं. पण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीत इथे व्यापारी वारे जोर धरतात. एरवीचे 15 ते 20 नॉट (ताशी सागरी मैल) आठवडा-आठवडा 25 ते 30 होतात. नाताळचे वारेच म्हणतात त्यांना. फेब्रुवारीच्या मध्याला निघा, मार्च सगळ्यात छान.

कोकणात वाढलेल्याला इथली एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. आपल्याकडे पहाटे मतलई, दुपारनंतर खारा वारा, त्या हिशेबाने मचवे निघायचे आणि परतायचे. इथे तसं नाही. चोवीस तास पूर्वेकडूनच. त्यामुळे बेटांच्या पश्चिमेला आडोसा आणि दोन बेटांच्या मधल्या खाडीत पुरता वारा. भरती-ओहोटीही जेमतेम, अर्ध्या मीटरच्या आत. डिंगी पुळणीवर ओढलीत की ती तिथेच असते. रात्री मात्र ती बोटीवर उचलून किंवा कुलूप लावूनच झोपा, कारण भरतीने नाही गेली तरी चोराने जाते.

सें-पिएरहून उत्तरेला निघणं हा तुमच्या प्रवासातला खरा पेपर, म्हणून तो नीट सांगतो. गावाच्या मागे माँ पेले, सुमारे 1400 मीटर. हाच ज्वालामुखी 8 मे 1902 ला सकाळी फुटला आणि हे शहर काही मिनिटांत गेलं. 28 हजारांच्या आसपास माणसं. तुरुंगाच्या जाड भिंतींच्या कोठडीतला एक कैदी वाचला. ती कोठडी अजून आहे, संध्याकाळी बर्फीला घेऊन चालत जाण्यासारखी. किनाऱ्यालगत उथळ पट्टा अगदी अरुंद, लगेच खोल होतो आणि तळाशी तेव्हा जळालेली जहाजं आहेत. नांगर पडल्यावर एकाने पोहत जाऊन तो कशात अडकलाय का ते बघायचं.

पहाटे चारला निघा. ले सेंतपर्यंत जवळपास 70 मैल आहेत, सहा नॉटने बारा तास. इथे संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि संधिप्रकाश असा राहतच नाही. किनाऱ्यापासून दोन मैल बाहेर सरकूनच उत्तरेला वळा, कारण कोळ्यांच्या सापळ्यांना खूण म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या बांधलेल्या असतात आणि अंधारात त्या थेट इंजिनाच्या पंख्यात जातात. पहिला तास समुद्र परातीतल्या पाण्यासारखा. इंजिनाची घरघर, चहा, मित्र म्हणतात, "एवढंच?" तेव्हाच, अजून काही नसताना, मुख्य शिडाला दोन रीफ घेऊन (म्हणजे दोन टप्पे आखडून) टाका, पुढचं शीड अर्धं गुंडाळा, कपबशा आत, खिडक्या बंद, बर्फी कॉकपिटमध्ये दोरीला. डोंगराची सावली संपते तिथे पाण्यावर एक काळपट रेघ दिसते आणि तिच्या पलीकडे पांढऱ्या लाटा. ती ओलांडायला दोन मिनिटं लागतात. पाच नॉटचे 25 होतात, बोट डावीकडे कलते, पहिली लाट उजव्या बाजूने चढून थेट चहावाल्याच्या मांडीवर. शीड आखडलेलं असेल तर हसता येतं. नसेल तर त्या वाऱ्यात डोलकाठीपाशी जाऊन आखडावं लागतं, आणि चौघांत अनुभवी एकच असताना ते मला अजिबात नको आहे.

मार्तिनिक आणि डॉमिनिकाच्या मधलं उघडं पाणी 22 मैलांच्या आसपास, पावणेचार तास. प्रवाह पश्चिमेकडे ढकलतो, कधी ताशी अख्खा मैल, म्हणजे तेवढ्या वेळात तीन-चार मैल. म्हणून नाळ (बोटीचं पुढचं टोक) डॉमिनिकाच्या दक्षिण टोकावर न ठेवता त्याच्या बरीच उजवीकडे ठेवा. पश्चिमेला घसरलात तर डॉमिनिकाच्या आडोशाला येण्यासाठी वाऱ्याच्या तोंडावर झगडत बसाल. पुढे डॉमिनिकाच्या आडोशात 25 मैल बहुधा इंजिनच, मग पुन्हा एक छोटी खाडी आणि ले सेंत. थकलात तर डॉमिनिकात उत्तरेला पोर्टस्मथला रात्र काढा, पण परवाना नसेल तर बर्फी बोटीवरच. मी काय केलं होतं ते वर वाचलंत.

भाड्याची बोट आहे, तर करारात कुत्र्याचा उल्लेख लेखी करून घ्या. तोंडी "हो, हो" चालत नाही. गादीवरच्या केसांवरून अनामत रक्कम कापलेली मी पाहिली आहे.

मित्रांबद्दल. बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान, एकच असतो. अनुभवी माणूस तो, बाकी तिघांनी नांगर, शीड, डिंगी ही कामं फिरवून घ्या. पण निघायचं की नाही, रीफ घ्यायचा की नाही, यावर मतदान घेऊ नका. पैशाचं सोपं ठेवा. एका डब्यात दर सोमवारी चौघांनी सारखे युरो टाकायचे आणि किराणा, डिझेल, बोट बांधायच्या बोयाचं भाडं सगळं त्यातून. बर्फीचा खर्च तुमचा वेगळा. भांडणं पैशावरून कमी होतात, गोड्या पाण्यावरून जास्त. टाकी 400 लिटरची धरली आणि माणशी 12 लिटर, बर्फीला पिण्याचे आणि पाय धुण्याचे मिळून तीन, तर आठ दिवसही पुरत नाही. आंघोळ समुद्रात, वरून दोन तांबे गोडं पाणी. पुण्याच्या मित्रांना हे विमानतळावरच सांगा.

खाण्याची चिंता करू नका. मार्तिनिकमध्ये 1853 पासून भारतातून मजूर आणले गेले, त्यांच्यामुळे धने, जिरं, मोहरी, हळदीचा एक मसाला तिथे घरोघरी आहे, नाव कोलंबो. कोणत्याही दुकानात मिळतो. आपल्या चवीला जरा मवाळ, लाल तिखट मात्र घरून न्या. खडकाजवळचा मोठा मासा, विशेषतः बाराकुडा, गळाला लागला तरी सोडून द्या. त्यातून सिग्वाटेरा नावाची विषबाधा होते आणि शिजवून ती जात नाही. बर्फीलाही घालू नका.

तिच्या तब्येतीचं म्हणाल, तर डासांमुळे होणाऱ्या हृदयकृमीचं महिन्याचं औषध आणि गोचिडांचं औषध निघण्याआधी सुरू करा. मळमळीवर पशुवैद्य मॅरोपिटंट देतात. तुमच्या औषधपेटीतलं काही देऊ नका, आयबुप्रोफेन तर कुत्र्यांना विषच. पुळणीवर मँचिनीलचं झाड ओळखायला शिका. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, फ्रेंच बेटांवर बऱ्याचदा खोडाला लाल पट्टा मारलेला असतो. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी गळणाऱ्या पाण्याने कातडीला फोड येतात. आमच्यातल्या एकाचा खांदा चार दिवस भाजल्यासारखा होता. खाली पडलेली फळं बर्फीने तोंडात घेतली तर जिवावर बेतेल. रात्री मोठे बेडूक दिसले तर दोरी आखडा, तेही विषारी. आणि गावच्या मुख्य पुळणीवर बहुधा कुत्र्यांना बंदीची पाटी असते. पहाटे, गावाच्या कडेला, पिशवी घेऊन जा.

बर्फीचं लाइफ जॅकेट पाठीवर मूठ असलेलंच घ्या. डेकच्या कडेच्या तारांना जाळी बांधा. पहिल्याच दिवशी सेंत-आनला नांगरावर असताना बर्फीला जॅकेट घालून पाण्यात उतरवा आणि बोटीच्या आकड्याने ती मूठ पकडून वर घ्यायचा सराव चौघांनीही करा. 14 किलोचं ओलं कुत्रं हलत्या बोटीवरून उचलणं वाटतं तितकं सोपं नाही. सूर्य बुडाल्यावर डेकवर बर्फी नाही, कितीही गोड चेहरा केला तरी.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. झोप, जेवण, डिंगी, याची सवय तीन दिवसांत होते. अडतं ते एकाच गोष्टीवर. मोतीच्या पहिल्या लांब पल्ल्यात, सें-पिएर ते ले सेंत, तो 19 तास थांबला. डोलकाठीपर्यंत जायचा, तिचा वास घ्यायचा, माझ्याकडे बघायचा आणि परत येऊन बसायचा. घरात घाण करायची नाही हे त्याला मीच शिकवलेलं. ले सेंतला डिंगी वाळूला लागायच्या आत त्याने उडी मारली आणि पहिल्या नारळाखाली एवढा वेळ उभा राहिला की बाजूचा कोळी हसायला लागला.

पुढच्या वेळी मी काथ्याचं पायपुसणं घेतलं, साधं, दारातलं. एका कोपऱ्याला भोक पाडून दोरी बांधली. निघण्याआधी महिनाभर ते जमिनीवर त्याच्या नेहमीच्या जागी ठेवलं, धुतलं नाही, आणि प्रत्येक वेळी एकच शब्द म्हणायचो. मग तेच पायपुसणं पुढच्या डेकवर, तोच शब्द. दुसऱ्या दिवशी दुपारी जमलं. झालं की दोरीने समुद्रात सोडायचं, खळखळ धुऊन वर ओढायचं. पण पूर्ण स्वच्छ करायचं नाही, थोडा वास राहू द्यायचा, नाहीतर ते पुन्हा नुसतं पायपुसणं होतं.

तिकीट, बोट, टिटर सगळं यथावकाश होईल. पायपुसणं मात्र आजच आणून तुलूझच्या गॅलरीत टाका.